उत्तर रिकामं आलं तर

नव्या खोलीत येऊन महिना झाला तरी रॉझ टेडेस्कोला तिथला मातीचा वास घालवता येईना. तिने फरशी पुन्हा पुन्हा पुसली, भिंतींना रंग दिला. डेन्व्हरची कोरडी हवा ओले कपडे बघता बघता वाळवते, पण या वासापुढे तिचं काही चालेना. वास इलोना व्हर्बानाकच्या भांडी घडवायच्या मातीचा होता. रॉझच्या आधी ही खोली तिची होती.

पिठाच्या जुन्या गिरणीतली ही इमारत कलाकारांची. कुणी एक मालक नाही. सगळे निर्णय सभासदांच्या मतांनी होतात आणि मतं ब्लॉकचेनवर नोंदली जातात, म्हणजे ती सगळ्यांना दिसतात आणि मागाहून कुणाला खोडता येत नाहीत. कडक नियम एकच: वर्षभरात एकदाही मत दिलं नाही, तर खोली सोडायची. बाहेर माणसं वाट बघत असतात. रजया शिवणारी रॉझ त्यांत पहिली होती; सभासद नसतानाही ती सभांना येऊन बसायची.

रजयांवर पोट भरत नाही, म्हणून रॉझ एका छोट्या कंपनीत वर्णनं लिहायची. कंपनीचा एआय एजंट ब्लॉकचेनवरच्या नोंदी शोधून लोकांच्या प्रश्नांची उत्तरं देतो. त्यासाठी त्याच्या हाताशी बरीच साधनं असतात. कुठलं साधन काय करतं, हे रॉझ लिहिणार. साधनाच्या पोटात काय आहे ते एजंटला दिसत नाही. तो रॉझची ओळ वाचतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो. नवऱ्यानेही तिच्यावर इतका कधी ठेवला नव्हता.

इमारतीला हा एजंट फुकट मिळवून दिला तो रॉझनेच. जानेवारीत समितीने त्याला विचारलं, वर्षभर मत न देणारं कोण? त्याने एकच नाव सांगितलं. इलोना सभेत ओरडून ओरडून सांगत होती की मी दिलंय, दर वेळी दिलंय. लोक हळहळले, पण चेनवर नाही म्हणजे नाही.

एप्रिलमध्ये छपराच्या दुरुस्तीवर रॉझने आपलं पहिलं मत दिलं. चेनवर स्वतः मत पाठवायचं तर थोडी फी पडते. ज्यांना तो खटाटोप नको, त्यांच्यासाठी इमारतीने फुकटचं बटण ठेवलंय: आपण फोनवर सही करायची, मत इमारतीचं खातं नेऊन पोचवतं. रॉझने ते बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी कामावर, सहज चाचणी म्हणून, तिने एजंटला स्वतःबद्दल विचारलं.

“रॉझ टेडेस्को यांनी एकही मत दिलेलं नाही.”

ती आधी हसली. मग तिचं हसू थांबलं.

“टोबिन,” तिने पलीकडच्या टेबलावरच्या साहेबाला हाक मारली. साहेब तिच्या भाच्याच्या वयाचा. “मतांचं साधन नक्की काय शोधतं रे?”

“पाठवणाऱ्याचा पत्ता, म्हणजे मत ज्या खात्यातून आलं ते. का गं?”

“आणि पाठवणारा एक, मत देणारा दुसरा असला तर?”

“त्याला वेगळं साधन आहे ना. तू लिहिलं असशीलच वर्णनात.”

तिने लिहिलं होतं: “दिलेल्या पत्त्याची सगळी मतं सांगतं.” टोबिन ‘थोडक्यात लिही’ म्हणाला होता हे खरं, खोटं लिही असं काही तो म्हणाला नव्हता.

तिने दुसरं साधन चालवलं. इलोनाची मतं एकामागून एक येत गेली. सायकली कुठे लावायच्या यावरसुद्धा बाईने मत दिलं होतं. बाकीचे कधी बटण दाबत, कधी स्वतः पाठवत, म्हणून ते वाचले. इलोना कायम बटणच दाबायची.

रॉझने वर्णन नव्याने लिहिलं. “पत्त्याने स्वतः पाठवलेली मतंच हे साधन दाखवतं. सही करून दुसऱ्याकरवी पाठवलेली मतं यात येत नाहीत. त्यांसाठी दुसरं साधन वापरावं. उत्तर रिकामं आलं तर त्या माणसाने मत दिलंच नाही, असा अर्थ काढू नये.”

“हे वर्णन आहे की औषधाच्या खोक्यातला कागद?” टोबिन म्हणाला.

“तोही कागद कुणीतरी आजारी पडल्यावरच लांबत जातो,” रॉझ म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

इलोना आता बहिणीच्या गॅरेजमध्ये काम करायची. तिथल्या विजेला भट्टी पेलत नव्हती. फळ्यांवर कच्ची भांडी नुसती वाळत होती. काहींना तडे गेले होते.

“ये. कुत्र्याकडे बघू नकोस, तो पोस्टमनवरही असाच भुंकतो.”

रॉझने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ओळ कुणी लिहिली तेही सांगितलं. इलोना फडक्याला हात पुसत ऐकत राहिली.

“म्हणजे मी मत दिलं होतं.”

“दर वेळी, इलोना. मी सगळी बघितली.”

“मला कशाला सांगतेस? मला माहीतच होतं की.” तिने फडकं खाली ठेवलं. “मशीनचं सोड. त्याला तू सांगशील तेवढंच कळणार. पण सायकलींवरून मी भांडले, तेव्हा तू माझ्या शेजारी बसून बरीटो खात होतीस. मला बटण दिसेना, तर तू तुझा चष्मा दिलास. मी मत दिलं ते तुझ्यासमोर. मग जानेवारीत तुला काय वाटलं गं?”

कुत्रा भुंकायचा थांबला होता. रॉझने पुष्कळ वाक्यं जुळवून पाहिली. वाटलं होतं की ते मत पोचलं नसेल, वाटलं होतं की मशीनला जास्त कळतं. सगळी नीट बसत होती.

“मला खोली हवी होती,” ती म्हणाली.

इलोनाने तडा गेलेलं एक भांडं उचलून पाण्याच्या बादलीत टाकलं. ते विरघळायला लागलं.

“मंगळवारी सभा आहे. साधनाचं काय ते सांग, पण आधी हे खोलीचं सांग.”

“सांगते.”

“आणि मला न्यायला ये. माझ्या गाडीची बॅटरी बसलीय.” तिने गॅरेजचं दार वर ढकललं. “वाटेत माफीबिफी मागू नकोस हं. गाडी चालवणारं माणूस रडायला लागलं की मला भीती वाटते.”