धुक्यातली परात

सुकेशनीने पियानोवर बसवलेली रचना जेमतेम दोन मिनिटांची. डाव्या हाताची एकच पट्टी सारखी वाजत राहते आणि मध्ये एकदम गप्प होते. परभणीच्या क्लासमध्ये राजेश्री मॅडमनी विचारलं, "हे सुचलं कुठून?" तेव्हा तिने येलदरीच्या धरणावरची ती सकाळ सांगितली.

तिचे वडील सिद्धोधन होडी घेऊन जाळी काढायला गेले आणि मागून धुकं उतरलं. हातभर अंतरावरचं दिसेना. पाण्यातून हाक आली, "सुकेऽऽ, काठ कुनीकडं हाय गं?"

ती काठावरून ओरडली, पण आवाज कुठून येतोय ते त्यांना उमगेना. मग तिने परात उचलली आणि पळीने बडवायला लागली. ठण्, ठण्, ठण्. वडील ओ देत देत जवळ येऊ लागले.

आणि ओ यायची बंद झाली.

आई, मनकर्णा, धावत आली. "थांब जरा! मला ऐकू दे!"

"थांबले तर बाबाला काठ कसा कळंल?"

"अगं, मानूस पान्यात पडलाय का, ते तरी कळू दे!" आईने तिचं मनगट आवळून धरलं.

परात गप्प झाली. पाण्याचाही आवाज नव्हता. आता बाबा गेले, असं सुकेशनीला वाटलं. तिने हिसडा दिला. पळी आईच्या बोटांवर बसली, तरी ती जीव खाऊन बडवत राहिली.

बऱ्याच वेळाने काठाशी काहीतरी काळं हललं. होडी उलटली होती. तिची कड धरून वडील कसेबसे आले होते. ओ द्यायला छातीत दम नव्हता. शेकोटीपाशी कापत ते म्हणाले, "मधी आवाज बंद झाला अन् मी उलटाच वळलो. लय भ्यालो."

मनकर्णाने तोंडात पदर कोंबला.

क्लासच्या कार्यक्रमाआधी तिने लेकीची रचना ऐकली. पट्टी गप्प होते ती जागा आली तशी म्हणाली, "तेवढं गाळता न्हाई का येत?"

मॅडमना तर तीच जागा सगळ्यांत आवडली होती. सुकेशनी आईशेजारी जाऊन बसली. "माय, मला बी तवा थांबून ऐकावंच वाटायलं होतं. तू हात धरलास म्हनून ऐकलं तरी."



कार्यक्रमात सुकेशनीचा डावा हात पट्टीवरून उठला. समोरच्या रांगेत वडिलांनी आईचा हात हातात घेतलेला तिला दिसला. घाई न करता, दोघांकडे बघत, तिने पट्टी पुन्हा दाबली.