बॉयलरजवळचं टेबल

लेकाच्या हाती लॉन्ड्रीचा कारभार दिला आणि त्यानं पहिलं काम काय केलं, तर इस्त्रीच्या खोलीतला मोठा पंखा काढून आपल्या केबिनमध्ये लावला! आईसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला.

लॉन्ड्री त्यांनी स्वतः राबून उभी केली होती. लेक रोज संध्याकाळी त्यांना प्राचीन ग्रीस-रोममधल्या स्टॉइक तत्त्वज्ञांचे विचार वाचून दाखवायचा. जे आपल्या हातात नाही त्याचा त्रागा करू नये, हाताखालच्यांच्या आधी धन्यानं सोसावं. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेल्या आईसाहेब हरखून ऐकायच्या. त्यावर भाळूनच त्यांनी थोरल्या लेकीला डावलून किल्ल्या याला दिल्या.

आज बॉयलरजवळच्या टेबलावर इस्त्री करणाऱ्या मावशी घेरी येऊन पडल्या. त्यांना पाणी पाजून आईसाहेब तडक केबिनमध्ये शिरल्या.

"उकाडा आपल्या हातात नसतो, आई," लेक गार वाऱ्यात बसून म्हणाला. "इस्त्रीच्या बायकांनाही मी तेच शिकवतो. मन शांत ठेवायचं."

"आणि पंखा? तो कुणाच्या हातात होता रे, शहाण्या?"

"इथे गिऱ्हाइकं येतात गं."

ज्या शब्दांवर त्यांनी आंधळा विश्वास टाकला, त्याच शब्दांनी यानं बायकांची तोंडं बंद केली होती. आईसाहेबांनी टेबलावरच्या किल्ल्या उचलून कमरेला खोचल्या.

"दुसऱ्याला घाम फोडून शांत बसायला अक्कल लागत नाही, बाळा. पंखा जागेवर जाईल, किल्ल्या ताईकडे जातील. उद्यापासून बॉयलरजवळच्या टेबलावर तू. ठेव तिथं मन शांत!"