आखाजीचा हिशेब

भूपेंद्र कपडे वाळत घालायची दोरी सोडून तिनं ट्रंक बांधायला बसले, तेव्हा माझ्या हातात आमच्या छोट्या योगिताची ओली दुपटी होती.

"अहो, पण तुम्हाला जा म्हणालं कोण?"

"म्हणायला कशाला पाहिजे? शेठनं सगळा हिशेब चुकता केला ना."

सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या कारखान्यात शटल नसलेली कापड विणायची नवी मशिनं आली, तेव्हापासून हे त्यांच्यावर काम शिकत होते. शेठ दर महिन्याला थोडी मजुरी मागे ठेवायचा, माणूस पळू नये म्हणून. यंदा मात्र आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी त्यानं मागचं-पुढचं सगळं सगळ्यांच्या हातात ठेवलं. सण झाला, कारखाना सुरू व्हायचा दिवस उजाडला, तरी हे घरातच. समोरचा उखाभाऊही घरात. लिंबायतच्या आमच्या गल्लीतले त्याचे सगळे विणकर ओट्यांवर बसून.

माझे वडील एसटीत कारकून, मी धुळ्याला बी.ए. केलेलं. मला यातलं काही कळेना. शेवटी सासूबाईंनी सांगितलं. सासरे जन्मभर दुसऱ्याच्या शेतात सालदार. सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं. माणूस ठेवायचा असेल तर मालक त्याला घरी बोलावून जेवू घालतो आणि नवं साल ठरवतो.

"हिशोब दिना नि जेवाले बलायं नही, म्हंजे साल सुटनं, माय."

"मग विचारून तरी या," मी ह्यांना म्हटलं.

"बापानं कधी विचारलं नाही. मालक बोलावतो, आपण जायचं."

गावी परतायला संध्याकाळची भुसावळ पॅसेंजर धरायची ठरली. मागे गावी योगिताची छाती भरली होती, तेव्हा दवाखाना गाठेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. इथे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून. ते ओठ माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. "तिचं औषध आणते," म्हणून मी तिला कडेवर घेऊन निघाले आणि सरळ कडोदऱ्याच्या रिक्षात बसले.

कारखान्यात आवाजच नव्हता. परेशशेठ फोनवर कुणाला तरी झापत होता. मला बघताच त्यानं फोन आपटला.

"बेन, भूपेंद्रभाई क्यां छे? सब के सब बीमार हो गये क्या?"

"तुम्हीच तर काढलंत त्यांना."

"मैंने? कब?"

मी सांगितलं. मग त्यानं त्याची बाजू सांगितली. मजुरी मागे ठेवायची जुनी पद्धत त्यानं बंद केली होती, सणाला माणसांच्या हातात पैसा असावा म्हणून. जेवणाचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मशीन तो लोन पे आ गया, बेन. चलानेवाले कौन सी बँक देगी? कितने महिने गये उनको सिखाने में! निकालूंगा मैं?"

मी तिथल्या सुताच्या पेटीवर बसले. योगिता माझं मंगळसूत्र चोखत होती.

"शेठ, जेवायला बोलवा त्यांना."

"बाजू में किसी के यहां फोन है?"

"जेवणाचं बोलावणं फोनवर नसतं. घरी या."

तो आला, माझ्या रिक्षामागे स्कूटरवर. गल्ली उभी राहिली. सासूबाईंनी आधी पाणी दिलं, मग सांजोरी पुढं केली. "खा. आखाजी गयी, तवय याद उनी का शेठले!"

शेठनं तोंडातली सांजोरी कशीबशी गिळली. "भूपेंद्रभाई, कल दोपहर खाना कारखाने में. सबको लेके आना. मांजी, भाभी, छोटी को भी."

"और परसों?" भूपेंद्रनी मान वर न करता विचारलं.

"परसों सुबह मशीन पे. लेट आये तो गाली खाओगे."

"मग साल पक्कं!" उखाभाऊ ओरडला, आणि सगळे ओटे हसले.

ट्रंकेची गाठ इतकी आवळलेली की ह्यांनी ती दातांनी सोडवली. मी दोरी पुन्हा भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणली आणि दुपटी घातली. पाणी ट्रंकेवर ठिबकायला लागलं.

"ट्रंक सरकाव ना, गंजी जाई," सासूबाई म्हणाल्या.

"गंजू द्या," मी म्हटलं.