पूल ते टाकी

मामांनी माझं रस्ता मोजायचं चाक दांड्याला धरून उचललं आणि दुकानाच्या पायरीबाहेर ठेवलं, घरात शिरलेलं मांजर बाहेर ठेवावं तसं.

"हे आत आणायचं नाही," ते म्हणाले. "इथे सायकलची चाकं असतात."

"मामा, तीनदा मोजलंय. पूल ते टाकी नऊशे मीटर भरतं. पुस्तकात बाराशे आहे."

"मग चाक तीनदा चुकलं."

दुकान घाटाच्या पायथ्याशी आहे. पुढे दुरुस्ती, मागच्या खोलीत पुस्तक. पुस्तकात या डोंगरातल्या एकेचाळीस घाटांची माहिती आहे: लांबी, चढ, पाणी कुठे मिळतं, रस्ता कुठे उखडलेला आहे. बावीस वर्षांपूर्वी मामांनी ते एकट्याने केलं आणि सायकलवाले अजूनही ते पाठीवरच्या खिशात घालून फिरतात. पदार्थविज्ञानाची पदवी घेतल्यावर मी मागच्या खोलीत कामाला आले, त्याला वर्ष झालं होतं. नव्या आवृत्तीचे तक्ते तपासणं हे माझं काम. छापखान्याला प्रुफं चार वाजेपर्यंत हवी होती. तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते.

भांडण एका आकड्याचं होतं. पूल आणि पाण्याची टाकी यांच्या उंचीत एकशे आठ मीटरचा फरक आहे. त्यावर वाद नव्हता, सरकारी नकाशातही तेवढाच आहे. बाराशे मीटर रस्त्यात एकशे आठ मीटर वर गेलं तर चढ नऊ टक्के. नऊशे मीटरमध्ये तेवढंच वर गेलं तर बारा टक्के. चढताना या फरकाने फार तर दम लागतो. उतरताना मात्र रस्ता पुलापाशी काटकोनात वळतो, आणि पुस्तकात मामांचं वाक्य आहे: 'टाकीपासून खाली सलग नऊ टक्के, ब्रेक सैल सोडायला हरकत नाही.'

गेल्या मोसमात एका शाळेतल्या बाईंनी ते सैल सोडले. त्या कठड्यावर आपटल्या आणि कमरेचं हाड मोडलं. चार महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. त्यात आरडाओरडा नव्हता. नऊ हा आकडा कुणी आणि कसा काढला, एवढंच विचारलं होतं. मामांनी उत्तर दिलं नव्हतं.

"लोकांच्या यंत्रांचं तुम्ही ऐकत नाही, ते ठीक आहे," मी म्हटलं. "दरीत उपग्रहाचा सिग्नल कड्यांवर आपटून येतो, चूक होऊ शकते. पण हे चाक जमिनीवरून चालतं."

"आणि मी काय हवेतून चाललो होतो?"

मामांची पद्धत मला माहीत होती. मला ती आवडायचीसुद्धा. पुढे बेचाळीस दात्यांची चकती, मागे एकवीस दात्यांची. पेडल एकदा फिरलं की मागचं चाक बरोबर दोनदा फिरतं आणि सायकल चार पूर्णांक दोन मीटर पुढे जाते. मामा उजव्या पायाचे फेरे मोजत चढायचे आणि प्रत्येक खुणेपाशी आकडा ओरडायचे. मागून स्कूटरवर मामी. त्या थांबून वहीत लिहायच्या. प्रस्तावनेत छापलेलंच आहे: 'या पुस्तकातला प्रत्येक घाट मी बेचाळीस-एकवीस या एकाच गिअरवर चढलो आहे.' त्या एका ओळीसाठी लांबून लोक येतात आणि पुस्तकावर सही घेऊन जातात. चढ सोपा व्हावा म्हणून मागे अठ्ठावीस दात्यांची मोठी चकती लावून कुणी दुकानात आलं की मामा विचारतात, "हे ताट जेवायला लागतं का?"

मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. मामींच्या अक्षरात होतं: पूल ते टाकी, २८६.

"दोनशे शहाऐंशी गुणिले चार पूर्णांक दोन, बाराशे एक," मी म्हटलं. "गुणाकार बरोबर आहे."

"आभारी आहे."

"बाराशे आणि नऊशे यांचं प्रमाण चारास तीन. अठ्ठावीस आणि एकवीस यांचंही चारास तीन."

मामांच्या हातातला पाना थांबला.

"अठ्ठावीसवर एका फेऱ्यात चार पूर्णांक दोन मीटर होत नाहीत. तीन पूर्णांक पंधरा होतात. दोनशे शहाऐंशीला त्याने गुणलं तर नऊशे येतात, एखादा मीटर इकडेतिकडे. तुमचं मोजणं चुकलेलं नाही, मामा. पुलापासून टाकीपर्यंत तुम्ही अठ्ठावीसवर होतात आणि गुणताना एकवीस धरलंत."

काउंटरवर मामी ब्रेकच्या केबल गुंडाळत होत्या. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मला काय विचारता?" मामी म्हणाल्या. "मला आकडा ओरडून सांगायचात. दाते नाही सांगितलेत कधी."

"म्हणजे मी खोटारडा," मामा मला म्हणाले.

"मी तसं म्हटलं नाही."

"तुझी आई अशीच. तोंडावर कधी काही बोलायची नाही, हिशेब मांडून ठेवायची आणि माणूस स्वतःच त्यात पडायची वाट बघायची."

"आईला मध्ये आणू नका. पत्र आईचं नाहीये."

"उतरताना डोळे उघडे ठेवायचे असतात. पुस्तक वाचत उतरतं का कुणी?"

"तुम्ही लिहिलंय ब्रेक सोडा म्हणून."

त्यांनी पाना आपटला नाही. तो फळीवर त्याच्या जागी टांगला. मग भिंतीवरची आपली सायकल काढली, मागचं चाक उतरवलं आणि कोपऱ्यातलं दुसरं लावलं. त्यावर एकच चकती होती. मी दाते मोजावेत म्हणून त्यांनी सायकल माझ्याकडे वळवून धरली. मी मोजले. एकवीस.

"काढ तुझी ती ताटवाली सायकल," ते म्हणाले. "एकसष्ट पूर्ण आहेत मला. तुझ्यासमोर चढतो, मग ते चाक घेऊन जिथे जायचं तिथे जा."

"चक्कर आली तर चघळायला साखरेची गोळी घेतलीत का?" मामींनी विचारलं.

मामा सायकल पायरीवरून खाली उतरवायला लागले. मामींनी दोन गोळ्या माझ्या खिशात घातल्या, तेही माझ्याकडे न बघता. त्यासुद्धा माझ्यावर खूश नव्हत्या.

पुलापर्यंत साडेचार किलोमीटर आहेत. मामा पुढे, मी दोन सायकलींचं अंतर ठेवून मागे. एका पिकअपने आम्हाला कठड्याला घासत ओलांडलं तेव्हाही त्यांनी मान वळवली नाही. त्यांच्या पोटऱ्या अजून दोरखंडासारख्या होत्या. मी मनात त्यांच्या पेडलचा वेग मोजत होते: मिनिटाला बावन्न, पन्नास, शेहेचाळीस.

पुलाचा कठडा संपतो तिथे उजवा पाय खाली आला आणि ते मोठ्याने म्हणाले, "एक."

मीही मनात त्यांच्या उजव्या पायावर मोजायला सुरुवात केली.

पहिल्या वळणानंतर रस्ता उभाच राहतो. डावीकडे पाणी ठिबकणारा कडा, उजवीकडे दरी. मिनिटाला चौतीस फेरे. मामा सीटवरून उठले. सायकल डावी-उजवीकडे झुलायला लागली, प्रत्येक फेऱ्यात चेन करकरत होती. साठ. एकसष्ट. त्यांनी आकडे सोडले नाहीत. मी बत्तीस दात्यांवर होते आणि मलासुद्धा धाप लागली होती.

शंभराच्या पुढे आकडे तुटून यायला लागले. "एकशे... अठरा." श्वास. "एकोणीस." वरून दोन सायकलवाले उतरत आले. त्यातल्या एकाने मामांना ओळखून हात वर केला. मामांनी त्याला दिली ती शिवी आकड्यांच्या मधल्या जागेत नीट बसली. मोजणी चुकली नाही.

एकशे साठला पुढचं चाक रस्त्याच्या कडेला गेलं. मला वाटलं आता पाय टेकणार. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. पाय टेकला असता तर वाद तिथेच संपला असता. त्यांनी हँडल ओढून सायकल परत रस्त्यावर घेतली. पेडल वरच्या बिंदूपाशी जवळजवळ थांबलं आणि मग खाली आलं. "एकशे एकसष्ट."

माझ्या लक्षात तेव्हा आलं की पाय टेकला असता तर काहीच सिद्ध झालं नसतं. ते एकवीसवर चढत होते आणि आवाज करून मोजत होते, म्हणजे अंतर त्यांच्याच पद्धतीने निघणार होतं; हे माझ्या चाकापेक्षा भक्कम होतं. त्यांच्या ते लक्षात आलं होतं की नाही, मला मागून दिसत नव्हतं.

टाकीची सिमेंटची भिंत सुरू होते तिथे उजवा पाय खाली गेला. "दोनशे चौदा," मामा म्हणाले आणि दोन्ही हात हँडलवरून उचलले. त्यांनी जिंकल्यासारखे उचलले होते.

माझेही दोनशे चौदा झाले होते. दोनशे चौदा गुणिले चार पूर्णांक दोन म्हणजे नऊशेला एक कमी, हे त्यांना माझ्याआधी येतं.

हात हळूहळू खाली आले. ते सायकलवरून उतरले आणि टाकीच्या नळाखाली डोकं धरलं. मी मामींच्या गोळ्या पुढे केल्या. त्यांनी घेतल्या नाहीत.

"त्या दिवशी तिसरा घाट होता तो," ते पाण्याखालून म्हणाले.

"असेल."

"असेल नाही. होता." त्यांनी नळ बंद केला. "छाप बारा."

"ब्रेकचं वाक्य?"

"काढ."

"प्रस्तावनेतली ओळ?"

"तिला हात लावायचा नाही. आता खरी आहे ती."

ती खरी होती.

"आणि बाईंचं पत्र?"

"कुठली बाई," मामा म्हणाले आणि सायकल वळवून खाली निघाले.

मी दुकानात पोचले तेव्हा त्यांनी अंघोळ करून कपडे बदलले होते. मामी मला चहा द्यायला उठल्या नाहीत. मी तक्त्यातला नऊ खोडून बारा केला, बाराशेचे नऊशे केले, त्याखालच्या सगळ्या खुणांची अंतरं तीनशेने कमी केली आणि ब्रेकच्या वाक्यावर रेघ मारली. मग बाईंचं पत्र मामांच्या समोर ठेवलं. त्यांनी ते वाचलं नाही. दुकानाच्या नावाचा एक कोरा कागद घेतला, तळाशी सही केली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"काय लिहायचं ते लिही. मला दाखवू नकोस. आणि सोमवारपासून येऊ नकोस."

"बरं," मी म्हटलं.

"तुझ्या आईला मी कळवीन."

"मीच सांगेन."

ते पुढच्या दुकानात गेले. तिथे कुणीतरी चाक सरळ करायला आलं होतं. मामा त्याला शांत आवाजात विचारत होते, कुठल्या घाटातून आलास, रस्ता कसा होता.

मी सही केलेला कागद ओढून घेतला. 'पूल ते टाकी हा टप्पा बारा टक्के आहे. पुस्तकातला नऊचा आकडा चूक होता आणि चूक आमची होती.' एवढं लिहून थांबले. दात्यांचं लिहायचं की नाही, हे मला पटकन ठरवता येईना. खाली मामांची सही होती आणि मधे चार ओळींची जागा. बाईंनी आकडा कुणी आणि कसा काढला असं विचारलं होतं. मी एकवीस आणि अठ्ठावीस दोन्ही लिहिले, गुणाकार मांडला, आणि कागद घडी घालून पाकिटात टाकला.