भिंगरीच्या मापाची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. आता जुनी म्हटलं की लगेच तोंड बारीक करून ‘अरेरे, बिचारी’ म्हणू नका. बिचारी वगैरे मी मुळीच नाही. माझा पिवळा रंग जागोजागी उडालाय, घंटीचा आवाज जरा बसलाय, पण चाकं अजून सरळ फिरतात आणि मान ताठ आहे. मी लहान मुलांची सायकल. अंगाने हलकी, आणि गिअर एकही नाही. पुढे एक दातेरी चक्र, मागे एक, आणि दोघांना बांधणारी साखळी, एवढाच माझा संसार. त्यात बिघडायला फारसं काही नाही. मिरवायला मात्र पुष्कळ आहे. ऐका तर.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्या कापून, एकमेकींना सांधून माझा सांगाडा तयार झाला. सांधणारी बाई डोळ्यांवर काळी काच लावून काम करायची. सांधा थंड झाला की त्यावरून अंगठा फिरवायची आणि मनासारखा नसला तर “छे!” म्हणून नळी बाजूला ठेवायची. माझ्यावरून अंगठा फिरवून ती काहीच बोलली नाही. तिच्याकडून तेवढं मिळालं म्हणजे गंगेत घोडं न्हालं. मग मला आखूड दांड्यांची पायडलं बसवली, अरुंद सीट बसवली, आणि ब्रेकच्या पट्ट्या तर इतक्या छोट्या, की मोठ्या माणसाला वाटावं हे चमचे कशाला लावलेत? पण त्या लहान बोटांसाठी होत्या. माझ्या अंगावरची प्रत्येक वस्तू लहान मुलाचं माप घेऊन केली होती, आणि त्या गोष्टीचा मला पहिल्या दिवसापासून तोरा आहे.

दुकानात आले आणि तो तोरा पार उतरला. मला भिंतीवरच्या आकड्याला टांगलं. खाली दाराजवळ मानाच्या जागी उभा होता तो पहिलवान. म्हणजे होती तीही सायकलच, पण जाडजूड टायर, पुढे-मागे धक्के खाणाऱ्या स्प्रिंगा, हँडलवर गिअरची खुंटी आणि अंगभर विजेसारखे पट्टे रंगवलेले. मोटारसायकल व्हायची राहून गेली म्हणून रुसून बसल्यासारखा दिसायचा. येणारं गिऱ्हाईक आधी त्यालाच हात लावायचं. एखाद्याने चुकून मला खाली काढलंच, तर एका हाताने वर उचलायचा आणि म्हणायचा, “अहो, ही तर अगदीच हलकी! टिकायची नाही.” की परत आकड्यावर. जड ते मजबूत आणि हलकं ते तकलादू, असं लोकांनी का ठरवून टाकलंय कोण जाणे! मला सांगा, पक्षी जड असतो का?

एके दिवशी एक कुटुंब आलं. वडील गोदामात माल चढवायचं काम करणारे, खांदे असे की दारातून तिरके आत आले. आई शिवणकाम करणारी, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. आणि दोघांच्या मध्ये एक सहा वर्षांची पोरगी, जिचा एक पाय जमिनीवर तर दुसरा हवेत. घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत. ती दुकानभर गरगर फिरली, माझ्याखाली येऊन थांबली आणि म्हणाली, “बाबा, ही पिवळी!”

माझं काळीज असं लख्ख झालं म्हणता! पण बाबांनी पहिलवानाला एका हाताने उचललं आणि हसले. “अगं, ही घेऊ. बघ, काही वजनच नाही!” आता गोदामातली पोती उचलणाऱ्या माणसाला कशाचं वजन लागणार? आई म्हणाली, “जरा मोठी वाटते. पण असू दे, वाढत्या अंगाची पोर आहे. पाच वर्षं बघायला नको.” दोघांनाही पोरीला चांगलंच द्यायचं होतं हो. पण पोरीला त्यावर बसवून बघायचं मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. पहिलवान वाजतगाजत गेला आणि मी आकड्यावरून त्याची पाठ बघत राहिले.

पुढे बरेच महिने गेले. माझ्यावर धूळ बसली, एका कोळ्याने माझ्या मागच्या चाकात घर केलं. आणि एका दुपारी तीच आई दारात उभी राहिली. पोरगी मात्र आत येईना. चौकट घट्ट धरून उभी. दोन्ही पाय जमिनीवर.

आईने दुकानदाराला जे सांगितलं ते ऐकून माझी साखळी थरारली. “भाऊ, गल्लीच्या उतारावर निघाली. पाय टेकत नव्हते, बोटं ब्रेकपर्यंत पोचत नव्हती. पडली. पडली ती पडली, वर ती एवढी जड सायकल. ढकलायला बघत होती, पण तिच्याच्यानं हलेना. मोठं माणूस येईपर्यंत तशीच खाली दबून राहिली. आणि सगळी पोरं भोवती उभी. मोडलेला हात बरा झाला हो. पण आता सायकल बघितली तरी लांब पळते. सगळी पोरं संध्याकाळी सायकली घेऊन मैदानात जातात, आणि ही पायरीवर बसून राहते.”

“मला सायकल आवडतच नाही,” भिंगरी चौकटीतून म्हणाली.

आईने तिच्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. हळूच म्हणाली, “हिला माझ्या मशीनजवळ बसून कंटाळा यायचा, म्हणून दोऱ्याच्या बॉबिनी जमिनीवर पळवायची. चाकं म्हणजे जीव की प्राण. हिला आता आवडत नाही म्हणे! भाऊ, हिची ही भीती अशीच राहिली, तर पोर जन्मभर पायरीवरच बसेल.”

दुकानदार म्हणाला, “ताई, आता त्यापेक्षा लहान घ्याल, तर दोन वर्षांत आखूड होईल.”

“होऊ दे,” आई म्हणाली. “मी आयुष्यभर लेकरांचे कपडे शिवत आले. फ्रॉक कसा, आजच्या मापाचा शिवायचा आणि शिवणीत माया ठेवायची. लोकांच्या पोरींना एवढं जपते आणि स्वतःच्या पोरीला मात्र ढगळ सायकल देऊन बसले! ढगळ फ्रॉकला टीप मारून आत घेता येतं. त्या सायकलीला मी कुठे टीप मारू?”

मित्रांनो, माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. मूल वाढलं की शिवण उसवायची आणि कपडा सैल करायचा. हे मलाही तेव्हाच कळलं.

मग तिने गळ्यातली टेप काढली. आधी चौकटीत जाऊन भिंगरीच्या पायांचं आतल्या बाजूने माप घेतलं, मग आत येऊन एकेका सायकलीच्या सीटला टेप लावू लागली. दुकानदाराला हसू आवरेना, “ताई, सायकलीचा ब्लाउज शिवणार काय?” पण ती कसली ऐकते! लावता लावता वर बघितलं आणि मला खाली काढायला लावलं. कोळ्याला हाकललं. टेप लावली. माप बरोब्बर जुळलं. आणि मग तिने विचारलं, “हिच्यात माया किती आहे?”

दुकानदार क्षणभर गोंधळला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने माझी सीट वर ओढली. सीटची दांडी आतून सरसर बाहेर आली. हँडलही वर करून दाखवलं. “भरपूर आहे ताई!” अहो, माझ्या पोटात एवढी माया दडलीय, हे तोवर मलाच ठाऊक नव्हतं! माझी छाती फुगली असती, पण ॲल्युमिनियम फुगत नाही.

“भिंगरे, इकडे ये. बसायचं नाही. नुसती उचलून बघ,” आई म्हणाली.

भिंगरी एकेक पाऊल टाकत आली. मान दुसरीकडे वळवून तिने मला धरलं, डोळे मिटले आणि पूर्ण जोर लावून उचललं. मी इतकी वर गेले की ती मागच्या मागे सायकलींच्या टोपल्यांवर आदळता आदळता राहिली. तिने डोळे उघडले. “आई! ही उचलली जाते!” आणि मला खाली ठेवून तिने पुन्हा उचललं. खाली ठेवलं, पुन्हा उचललं. गोदामात माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या बाबांसारखं तिचं ते चाललं होतं. जन्मभर ज्या हलकेपणाबद्दल टोमणे खाल्ले, त्याच हलकेपणाने त्या पोरीच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं.

घरी गेल्यावर बाबांनी मला बघून कपाळाला हात लावला. “हे काय आणलंस? गिअर नाही, स्प्रिंग नाही. फुंकर मारली तर उडेल.” आणि त्यांनी आपला सगळा भार माझ्या सीटवर टाकला. मी कुरकुरले नाही. त्यांनी पुन्हा दाबून बघितलं. मी तशीच. “बरी दिसते,” एवढंच बोलून ते नट आवळायचे पाने आणायला गेले. पहिलवानाला त्यांनी भिंगरीच्या उंच मामेभावाकडे धाडलं, आणि त्याच्याकडे तो छान रमला असं कानावर आलं. तो वाईट नव्हताच. फक्त तो भिंगरीचा नव्हता.

सुरुवातीला आईने सीट खाली करून माझी पायडलं काढायला लावली. पायांनी जमीन ढकलत पुढे जायचं, बस्स. ती काढताना मात्र बाबांची चांगली जिरली. डावं पायडल उलट्या बाजूने सुटतं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी जोर लावला आणि ते आणखी घट्ट झालं. घाम पुसून पुन्हा जोर लावला, आणखी घट्ट! शेवटी भिंगरीच म्हणाली, “बाबा, तिकडून फिरवून बघा ना.” निघालं की हो! बाबा म्हणाले, “मी तेच करणार होतो.”

अंगणात भिंगरी मला पायांनी ढकलत फिरू लागली. पाय टेकतात, बोटं ब्रेकला पोचतात, हे तिने शंभरदा करून बघितलं असेल. मग एक दिवस तिने पाय उचलले ते टेकलेच नाहीत, अंगणाच्या भिंतीपर्यंत! पायडलं पुन्हा लागली. बाबा वाकून वाकून मागे धावले आणि कंबर धरून बसले. पण हे सगळं अंगणात हं. फाटकाबाहेर जायचं नाव काढलं की भिंगरी म्हणायची, “उद्या.” तिथे तो उतार होता, आणि तिथे पोरं होती. त्यांत शेजारचा एक पोरगा होता, ज्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण गल्लीत काहीही झालं की तो ओरडून सगळ्यांना कळवायचा. भिंगरी पहिलवानाखाली दबली होती, ती बातमी त्यानेच घराघरात पोचवली होती.

एका संध्याकाळी पोरं घंट्या वाजवत निघाली. भिंगरी फाटकाशी मला धरून उभी होती. ‘उद्या’ म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. पण ती फाटक उघडून बसली आणि निघाली.

उतार आला. तिने ब्रेक धरला, सोडला, पुन्हा धरला. माझे चमचे तिच्या बोटांत नीट बसले होते. वा, मी म्हटलं, वा! आणि तेवढ्यात रस्त्यावरच्या सुट्या वाळूवर माझं पुढचं चाक घसरलं. आम्ही दोघी आडव्या. तिचा गुडघा खरचटला, मी तिच्या पायांवर.

“पडली! भिंगरी पुन्हा पडली!” रेडिओ बोंबलला. पोरं सायकली टाकून धावली. समोरून कामावरून येणारे बाबा डबा फेकून पळत आले. खिडकीत मशीनवर बसलेली आई तोंडात दोरा तसाच धरून उभी राहिली. मित्रांनो, मला त्या वेळी एकच भीती वाटली. ही आता रडली आणि कोणीतरी येऊन मला उचललं, तर संपलं. ही पुन्हा पायरीवर जाऊन बसणार.

बाबांचे ते मोठे हात माझ्यापर्यंत पोचले.

“हात लावू नका,” भिंगरी म्हणाली. “माझी सायकल आहे. मी उचलते.”

बाबांनी हात मागे घेतले. बघा, पोत्यांच्या राशी उचलणारा माणूस, पण ते हात मागे घेताना त्यांना केवढं जड गेलं ते मी जवळून पाहिलंय. भिंगरीने मला पायांवरून बाजूला सारलं, उभी राहिली आणि दोन्ही हातांनी मला सरळ केलं. माझं हँडल वाकडं झालं होतं. तिने पुढचं चाक गुडघ्यांत धरून ते सरळ केलं. डोळे पुसले. बसली. आणि पोरं बघत राहिली तोवर ती उतार संपवून मैदानाच्या वळणावर गेलीसुद्धा! “गेली!” रेडिओ ओरडला. “भिंगरी गेली रे!” आणि सगळे तिच्या मागे पळाले. खिडकीतून आईने डोळ्यांना पदर लावलेला मला वळताना दिसला. त्या दिवसाइतकी मी आयुष्यात कधी मिरवले नाही.

पुढे भिंगरीने मला खूप फिरवलं. तिची उंची वाढली तशी माझी सीट वर गेली, हँडल वर गेलं, आणि एके दिवशी दांडीवरची शेवटची खूण आली. आई म्हणाली, “संपली हिची माया.” मोठी सायकल आली, ती मात्र भिंगरीने स्वतः बसून, उचलून निवडली. मी गॅलरीत गेले. हँडलवर ओले टॉवेल वाळले, टायरांतली हवा गेली, साखळी गंजली. तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण भिंगरीच्या ते एक दिवस लक्षात आलं. तिने साखळी घासली, तेल दिलं, हवा भरली आणि मला रेडिओच्या धाकट्या बहिणीकडे नेऊन दिलं. तिच्यानंतर आणखी दोघं माझ्यावर शिकली. सगळी पडली, आणि सगळ्यांनी मला आपल्या हातांनी उभं केलं.

तेव्हा मित्रांनो, एवढं ऐका. सायकलीला पावसात ठेवू नका, साखळीला तेल द्या, आणि ती आखूड झाली की गॅलरीत सडू न देता धाकट्या कोणाला तरी द्या. घरच्या मोठ्या माणसांना माझा निरोप सांगा, की सायकल घ्यायची तर आजच्या मापाची घ्या, आणि ती तुम्ही नका उचलू, पोराला उचलायला लावा. आणि पोरगं पडलं तर धावत जा, त्याच्याजवळ उभे राहा, खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर घाला. फक्त सायकल तेवढी त्यालाच उचलू द्या.