चौथी गादी

पाठ दुखायला लागली तेव्हा गादीवाल्यांनी सगळा दोष गादीला दिला. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. ज्याचा जन्म गाद्या करण्यात गेला, तो बायकोच्या पाठीसाठी वेगळं कारण कुठून आणणार? मधोमध बसली असेल, किती वर्षं झाली तिला, असं ते म्हणाले आणि बायकोने मान हलवली. मान हलवायला काही लागत नव्हतं.

घराखालचा लांबट हॉल म्हणजे त्यांचा कारखाना. पुढे गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या, मध्ये मोठं टेबल, मागे कापसाचे आणि फोमचे ढीग. खोळी शिवणं आणि दाभणाने टाके घालणं तिच्याकडे. माप घेणं, भरणं आणि बोलणं नवऱ्याकडे. बोलण्यात त्यांचा हात धरणारा अजून जन्माला यायचा होता. जुनी गादी दुरुस्तीला आली की ते ती टेबलावर पसरत, तळव्याने सावकाश चाचपत आणि गिऱ्हाइकाला त्याचंच घर सांगत. तुम्ही डाव्या कुशीवर झोपता, गुडघे पोटाशी घेता. साहेबांचा मुक्काम बाहेरच फार दिसतो, ही बाजू अगदी कोरी आहे. गिऱ्हाईक हसायचं, कधी गोरंमोरं व्हायचं, पण नवी गादी इथेच करायचं. माणूस खोटं बोलतो, गादीला ते येत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आता या वाक्याचा तिला कंटाळा आला होता.

सहा वर्षांपूर्वी तिचा डावा स्तन काढला होता. उपचार संपले त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की पुढे कधी हाडात दुखायला लागलं, आणि आडवं पडूनही दुखणं थांबलं नाही, तर वाट बघत बसू नका, सरळ या. दोघांनी शहाण्या मुलांसारख्या माना डोलावल्या होत्या. त्यानंतर घरात त्या आजाराला नावच उरलं नाही. नवरा त्याला 'ते मागचं' म्हणायचा. नणंद तेवढंही म्हणायची नाही, नुसती तिच्या पदराकडे बघून नजर वळवायची. घराण्याची अब्रू घालवून परागंदा झालेल्या एखाद्या चुलत्यासारखं त्या आजाराचं झालं होतं.

तर पहिली गादी झाली, चांगली टणक. पाठ दुखतच राहिली. दुसरी केली, तिच्यावर मऊ थर दिला. तिसरीत स्प्रिंगा घातल्या. नणंद येऊन प्रत्येक गादीवर बसून बघायची आणि भावाचं कौतुक करायची. बायकोसाठी इतकं कोण करतं, नशीब काढलंस हो तू, असं तिला ऐकवायची. तीही हसून हो म्हणायची. रात्री मात्र आडवं पडलं की कंबरेच्या वरचं ते एक ठिकाण ठणकायला लागायचं. मग नवरा घोरायला लागेपर्यंत दात-ओठ खाऊन पडून राहायचं आणि नंतर उठून गादीच्या काठावर बसायचं. बसल्यावर थोडं सोसवायचं. सकाळी नवरा विचारायचा, काल बरी झोप लागली ना? लागली की, ती सांगायची.

तिला कळत नव्हतं असं नाही. पण दुखणं गादीचं असेल तर ते 'त्या मागच्या'चं नव्हतं. आणि नवरा तिसरी गादी करतोय म्हणजे अजून एक गादी तरी वेळ होता.

शेवटी वर्षाची नेहमीची तपासणी आली. डॉक्टरीणबाईंनी पाठीचे मणके एकेक करून बोटांनी ठोकले आणि एका ठिकाणी ती कळवळली. कधीपासून दुखतंय, असं बाईंनी विचारलं.

"तीन गाद्या झाल्या," तिच्या तोंडून निघून गेलं.

बाईंना काहीच बोध झाला नाही. त्यांनी हाडांचा स्कॅन लिहून दिला. स्कॅनमध्ये एक मणका उजळलेला दिसला. ही झीज असू शकते, बाई म्हणाल्या, पूर्वी कधी मार लागला असेल तर तो असू शकतो, आणि 'ते मागचं'ही असू शकतं. सुईने हाडाचा छोटा तुकडा काढून तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. सुई म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे दाभणच आलं.

घरी आल्यावर तिने जसंच्या तसं सांगितलं. नवऱ्याने तिन्हींतला एकच शब्द उचलला, झीज. संध्याकाळपर्यंत बहिणीला फोन गेला, झीज आहे म्हणे, वयाप्रमाणे होतेच. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळ्यात चांगला कापूस काढून चौथी गादी भरायला घेतली. खोळ तिनेच शिवली. स्वतःच्या हाताने, सरळ टाक्यात. अंगाचा तिळपापड होत होता, पण टाका वाकडा घालणं तिला जमत नव्हतं.

हाडाचा तुकडा काढून झाला. रिपोर्ट यायचा होता. त्या दिवसांत एक दिवस दुपारी एक शिक्षिका गादी करायला आली. पाठीसाठी कडक गादी हवी, असं तिने सांगितलं. बायको मागे कापूस निवडत बसली होती, तिला सगळं ऐकू येत होतं. नवऱ्याने टेप काढली, मग तो थांबला.

"आडवं पडल्यावर कमी होतं का?" त्याने विचारलं.

शिक्षिका म्हणाली, उलट वाढतं.

"मग गादी राहू द्या, ताई. आधी डॉक्टरांना दाखवा. आजच दाखवा. अशा दुखण्यात उशीर करू नये."

शिक्षिका आभार मानून गेली. चालून आलेली ऑर्डर स्वतः परत पाठवली होती. भला माणूस.

ती कापूस तसाच टाकून पुढे आली. उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"हे मला सांगायला काय झालं होतं?"

तो टेप गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "तू रोज झोप लागली म्हणत होतीस."

"मी म्हणत होते. आणि तुम्ही मानत होतात?"

कोपऱ्यात काढून ठेवलेल्या तीन गाद्या एकावर एक होत्या. तिने तिकडे पाहिलं, मग त्याच्या तळव्याकडे पाहिलं. दुसऱ्यांची झोप बोटांनी वाचणारा हा माणूस. या तिन्ही गाद्या पलंगावरून त्यानेच उतरवल्या होत्या.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिली काढली तेव्हा," तो खाली बघत म्हणाला. "मधे अगदी कोरी होती. नुसता काठ दबला होता."

"तरी पुढच्या तीन केल्यात."

"अगं, मला दुसरं येतं काय?" त्याचा आवाज फाटला. "मी म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं."

तिला त्याची दया यायला हवी होती. इतक्या वर्षांच्या संसारात यायचीच. आज आली नाही. आली ती चीड, आणि त्यात आपलाही वाटा आहे हे कळल्याने ती अधिकच कडू झाली. एकाच घरात दोघं एकाच गोष्टीवर पांघरूण घालत बसले होते. पण हाड तिचं होतं. तो रात्री घोरत तरी होता. की तेही सोंगच? हे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

"मंगळवारी रिपोर्ट आहे," ती म्हणाली. "मी एकटी जाऊन आणणार. काय निघालं ते तुम्हाला सांगणार नाही. माझ्या शब्दावर तुमचा विश्वास नाहीच. गादी चाचपून बघा."

तो अगं, अगं करत राहिला. ती जिना चढून वर गेली, मधे दोनदा थांबून.

खोलीत चौथी गादी पसरलेली होती. तिचा काठ एव्हाना दबायला लागला होता, तिला नुसत्या डोळ्यांनी दिसला. ती त्या काठावर बसली नाही. ती बरोबर मधोमध जाऊन आडवी पडली. मणक्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. तिने चादर मुठीत धरली आणि तशीच पडून राहिली. खाली कारखान्यात तो काहीतरी इकडून तिकडे हलवत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, येऊ दे. मधला भागही दबायला हवा होता. त्याला या गादीत आता खरं काही सापडायला नको होतं.