पाण्याचा धनी

“कमरेत उसण भरलीय म्हणून सांग त्याला,” बाकाय चटईवरूनच बायकोला म्हणाला. “आज काही काठापर्यंत चालवणार नाही मला.”

“काल कमरच होती. परवा पोट होतं,” कोम्बे म्हणाली. “आता डोकं तेवढं राहिलंय.”

दारात नूहूमचा माणूस त्याला न्यायला उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि परत गेला.

बाकाय आमचा पाण्याचा धनी. नायजर नदीच्या या फाट्यावर सगळ्यांत आधी त्याच्या पूर्वजांनी होडी लावली, उंचवटा बघून मातीची घरं बांधली, म्हणून हा मान त्याच्या घराण्याचा. पूर ओसरला की त्यानं पाण्यात दूध ओतायचं, हात घालायचा, मगच आम्हा बोझो कोळ्यांची जाळी पडायची. पण नदीला कुठं कुणाचं घराणं कळतं? ती सरकत सरकत पलीकडे गेली. आमच्या घरांपुढे नुसती वाळू उरली आणि पाणी गेलं ते बाकायच्या धाकट्या चुलतभावाच्या, नूहूमच्या दाराशी. पूर्वी तिथं झोपडीसुद्धा नव्हती. आता बाजाराची होडी तिथंच थांबते, मशीदही तिथंच झाली, आमच्यातली निम्मी घरं उठून तिकडे गेली. नूहूमच्या घरावर पत्रा चढला त्या दिवशी बाकाय जेवला नाही. जळत होता बिचारा, दुसरं काय!

“सगळं त्यालाच मिळालं,” तो कोम्बेला म्हणाला. “हा हात तेवढा माझ्याकडे राहिला. टाकू दे त्याला चोरून जाळं. साऱ्या काठावर तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही.”

“आणि मासे? पाणी उतरतंय. निघून जातील मोठ्या नदीत.”

“जाऊ देत. त्याचेच जातील.”

“आणि आपण काय वाळू खायची?”

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो वाळू तुडवत निघाला, नूहूमला रंगेहाथ पकडायला. चालताना कमरेची आठवणही झाली नाही.

काठावर सगळी वस्ती बसून होती. जाळी कोरडी होती. मासे धुरावर सुकवायच्या चुली थंड होत्या. नूहूम उठून पुढे आला.

“आलास दादा? दुखणं कसंय आता?”

बाकायनं त्या आवाजात टोमणा शोधला. सापडला नाही, तेव्हा त्याला जास्तच झोंबलं.

“जाळं टाकलं नाहीस?”

“तुझ्या हाताआधी कसं टाकणार?” नूहूमनं दुधानं भरलेला पोकळ भोपळा त्याच्या हातात दिला.

बाकायनं दूध ओतलं आणि वाकून हात पाण्यात घातला. पाणी घोट्याएवढंच होतं. एरवी बोटांना मासे घासून जात. आज काही हललं नाही.

तरीही सगळ्यांनी एकदम जाळी फेकली, पाणी माशांनी भरलेलं असावं तशी, अंगातला जोर लावून. जाळी हलकीच वर आली. साऱ्या वस्तीचं मिळून एक टोपलंही भरलं नाही.

नूहूमनं त्यातले दोन मोठे मासे निवडले आणि रिवाजाप्रमाणे धन्याचा वाटा म्हणून आधी बाकायच्या पुढ्यात ठेवले.